बाहेर पडताना

हातमोजे काढ, तावेत.
थंडी आहे, कळतं मला.
काचेवर सायीसारखा बर्फ धरलाय,
सारेमाची बोट तीन दिवस धक्क्याला अडकलीय.
तरी काढ.
लेथ फार आतिथ्यशील असतो.
लोकरीचा एक धागा हाती लागला
की आग्रहाने आत ओढतो, पाट मांडतो,
आणि मग उठू देत नाही.

बाह्या कोपराच्या वर. केस टोपीत.
गळ्यातली साखळी कुणी दिली ते विचारत नाही,
पण ती त्या खिळ्याला अडकव.
चष्मा डोळ्यांवर. कपाळावरचा चष्मा
कपाळच वाचवतो फक्त.

आता हा तुकडा बघ. जुनिपर.
अंगठ्याहून जाड, चार बोटं लांब.
एवढं व्हायला याने साठ वर्षं घेतली,
चुनखडीत मुळं खुपसून, कुणी पाणी न घालता.
तू सहा मिनिटांत याच्या आरपार जाणार.
जरा लाज बाळगून जा.

हातात धरून भोक पाडायचं नाही. कधीच.
मासळीच्या कारखान्यातला यूलो धरायचा.
आता पत्ते वाटायची पाळी आली
की तो गड्डी शेजाऱ्याकडे सरकवतो.

चकच्या जबड्यात बसव. आवळ.
किल्ली कुठे आहे?
चकमध्येच.
बटण दाबलं असतंस तर ती तुला शोधत आली असती.
दे इकडे.

आधी आखूड टोच्याने मध्य सांग लाकडाला.
लांब बिटाला स्वतःचं मत नसतं,
जिथे मऊ लागेल तिकडे ते झुकतं.
टेलस्टॉक घट्ट. वेग कमी.
चाक फिरव. नखभर आत.
मागे ये, भुसा सांडू दे.
पुन्हा नखभर.

थांबला तो संपला, असं लोक म्हणतात.
लोकांनी लेथवर काम केलेलं नसतं.
इथे जो थांबत नाही, त्याचं लाकूड आतून जळतं.
वरून काही दिसत नाही, नुसता वास बदलतो.
मिरीचा होता, करपट होतो.
नाक जागं ठेव.
आणि मागे येताना एक हात ड्रिलच्या चकवर,
बोटं फिरत्या लाकडापासून लांब.
ते चक नुसतं रुतून बसलेलं असतं,
ओढाताणीत सुटतं,
सुटलं की लाकडाबरोबर गरगरत सुटतं.

हं. असंच.
आता शेवटचं थोडं राहिलंय, हळू,
तावेत, हळू

शेंग फुटावी एवढाच आवाज.

लाकूड आत शिरताना फुटत नाही रे.
फुटतं ते बाहेर पडताना,
पलीकडे टेकायला काही उरत नाही तेव्हा,
आणि हाताला वाटतं, झालंच की.
म्हणून तुकडा बोटभर जास्त लांब कापायचा,
काठाच्या अलीकडे थांबायचं,
मग यंत्र बंद करून शेवटचा काप करवतीने.
भोक आपसूक उघडतं.
हे आधी सांगायला हवं होतं मी.
आधी सांगितलं असतं तर तू नुसतं हो म्हणाला असतास.

रडायचं असेल तर आधी बटण बंद कर.

तुझी आजी हिल्या बंदराची वही लिहायची, एकोणतीस वर्षं.
येणाऱ्या बोटीपुढे नुसती वेळ.
निघणाऱ्या बोटीपुढे मात्र वारा, लाटा,
कोणता दिवा पेटत नव्हता, कोण वरच्या डेकवर उभं होतं.
मी एकदा विचारलं, असं का?
म्हणाली, येणारी आलीच ना.

आता तिची बोटं थरथरतात.
बारीक पेन निसटतं, टेबलाखाली गडगडत जातं,
आणि ती म्हणते, राहू दे, मला काही लिहायचं नाही.
तिला जाड पेन हवं. मुठीत मावेल असं,
आतली पितळी नळी न हलणारी.

कुंपणाचा तो खांब अजून उरलाय.
दुसरा तुकडा काप. या वेळी लांब.
नखं झटक, भुसा पूस, बैस स्टुलावर क्षणभर.
मग बसव. आवळ.

आणि किल्ली...

बरं. खिशात आहे तुझ्या.